अर्थ लागत नव्हता



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय, आणि बसलोय ते जरा रागातच. तेव्हा आधीच सांगून ठेवतो, पुढे कुणाला लागेल असं काही आलं तर ते चुकून आलेलं नाही. नातेवाईक मंडळीही हे वाचतात याची मला पूर्ण कल्पना आहे.

राग आहे तो दोन शब्दांवर. ‘बदलून टाका’.

माझी मोटारसायकल तुमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. २००८ साली निवृत्त झालो तेव्हा फंडाच्या पैशातून घेतली. दीडशे सीसी, काळी, बटणाचा सेल्फ आणि किक दोन्ही असलेली. छत्तीस वर्षं शाळेत सायकलवरून गेलो, त्यामुळे अठ्ठावन्नाव्या वर्षी हे खूळ कुठून आलं, असं पुष्कळांनी विचारलं होतं. सौ. मात्र पहिल्या दिवसापासून मागे बसली, आणि अजूनही बसते. २०२३ साली गाडीला पंधरा वर्षं झाली, तेव्हा आरटीओत खेटे घालून पुन्हा पासिंग करून घेतलं. म्हणजे सरकारदरबारी गाडी धडधाकट आहे. माझ्याबद्दल तेवढी खात्री नाही!

२०१९ साली माझा उजवा गुडघा बदलला. पुढे डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली, पण किक मारायची नाही, अशी सक्त ताकीद दिली. तेव्हापासून सेल्फ म्हणजेच माझा पाय. तो चालला तर मी बाजारात, वाचनालयात, मित्राकडे. नाही चालला तर ओटीवर.

हा सेल्फ २०२४ च्या ऑगस्टमध्ये बंद पडला. बटण दाबलं की सीटखालून नुसता ‘टक्’ असा आवाज. हॉर्न खणखणीत, इंडिकेटर व्यवस्थित, आणि सेल्फ मात्र टक्. कधी चार वेळा दाबल्यावर एकदा लागायचा, कधी दहा वेळा दाबूनही नाही.

पहिल्या गॅरेजमध्ये गाडी ढकलत नेली. मेस्त्रींनी बटण दाबलं, टक् ऐकलं आणि हात पुसत म्हणाले, “काका, बॅटरी गेली. बदलून टाका.” बदलली. सोळाशे रुपये. सेल्फ लागला! आठ दिवस लागला आणि नवव्या दिवशी पुन्हा टक्.

दुसऱ्या गॅरेजमध्ये सांगितलं, “रिले गेलाय. बदलून टाका.” बदलला. साडेचारशे. टक्. मग त्याच मेस्त्रींनी एक प्रयोग केला. रिलेचे दोन जाड टर्मिनल स्क्रूड्रायव्हरने जोडले, म्हणजे रिलेला बाजूला सारून बॅटरी थेट मोटरला दिली. ठिणगी उडाली, मोटर फिरली नाही. निकाल लागला : “मोटर गेली. साडेतीन हजार. आणि काका, खरं सांगू? सतरा वर्षं व्हायला आली गाडीला, एवढा खर्च करू नका. एक्स्चेंजला टाका.”

म्हणजे बॅटरीपासून सुरुवात झालेलं ‘बदलून टाका’ तीन आठवड्यांत अख्ख्या गाडीपर्यंत पोचलं. संध्याकाळी पुण्याहून चिरंजीवांचा फोन. “बाबा, किती दिवस तिला सांभाळणार? तुमचंही वय झालं, गाडीचंही वय झालं. विका आता. रिक्षा आहेत ना.”

आता रिक्षा आहेत हे मलाही माहीत आहे. प्रश्न तो नव्हता. प्रश्न असा होता की गाडीला काय झालंय हे आतापर्यंत एकानेही शोधलं नव्हतं. सगळ्यांनी निकाल दिला होता.

खेर्डीच्या बाजूला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं वायरिंगचं छोटंसं दुकान आहे. दहावीला मराठीत पस्तीस मिळवून सुटला होता. नंतर आयटीआय केलं. त्याला फोन केला तर दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच घरी आला. हातात एक मल्टिमीटर आणि दोन-तीन पाने, बस्स. आल्या आल्या गाडीला हात लावला नाही. आधी विचारलं, “सर, नेमकं काय होतं? सकाळी थंड असताना जास्त होतं की गाडी तापल्यावर? टक् एकदाच की टकटकटक? बटण दाबल्यावर हॉर्न मंद होतो का?”

तीन आठवड्यांत हे प्रश्न मला कुणीही विचारले नव्हते.

मग त्याने जे केलं ते मी तुम्हांला सविस्तर सांगणार आहे. मी कला शाखेचा माणूस, मराठी आणि इतिहास शिकवत आयुष्य गेलं. मला समजलं म्हणजे तुम्हांलाही समजेल.

मीटर बॅटरीच्या दोन टोकांना लावला. १२.७ व्होल्ट. बॅटरी भरलेली. मीटर तसाच ठेवून मला म्हणाला, “सर, न्यूट्रल बघा, ब्रेक धरा आणि बटण दाबा.” टक्. मीटर ११.९ वर आला. “बॅटरी पास. आजारी असती तर इथे धाडकन नऊच्या खाली आली असती.” मग मीटरचं एक टोक मोटरच्या टर्मिनलला, दुसरं मोटरच्या अंगाला. पुन्हा बटण. ४.३ व्होल्ट.

“बघा सर. बॅटरी ११.९ देतेय, मोटरला ४.३ पोचतायत. मोटर गेली म्हणायला तिला जेवायला तर मिळालं पाहिजे! मधले ७.६ कोण खातंय ते शोधू.”

वाटा दोनच. प्लसची वाट, बॅटरीपासून रिलेतून मोटरपर्यंत. आणि परतीची वाट, मोटरच्या अंगातून, इंजिनातून बॅटरीच्या मायनसपर्यंत. प्लसच्या वाटेच्या दोन टोकांना मीटर लावून बटण दाबलं : ०.३. “ही वाट साफ आहे. रिले ठीक आहे.” नंतर परतीच्या वाटेला, म्हणजे एक टोक बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. बटण दाबलं. ७.३.

तो बोटांवर मोजत म्हणाला, “०.३, ४.३ आणि ७.३. झाले ११.९. हिशेब जुळला. सर, अर्थ लागत नाहीये.”

आयुष्यभर मुलांना ‘अर्थ लावा’ म्हणत आलो, आणि पस्तीस मार्कवाल्याने मला माझ्याच अंगणात ते ऐकवलं! त्याच्या भाषेत ‘अर्थ’ म्हणजे अर्थिंग. बॅटरीच्या मायनसपासून निघणारी जाड काळी केबल इंजिनला एका बोल्टने आवळलेली असते. तो बोल्ट त्याने खोलला. वॉशरखाली पांढरट-हिरवट खवले. केबलच्या टोकाचं थिंबल त्याने नुसतं वाकवलं आणि वरचं प्लास्टिक चाकूने चिरलं, तर आत तांब्याच्या तारा काळ्याठिक्कर, निम्म्याअधिक कुजून पीठ झालेल्या. वरून केबल अगदी धडधाकट दिसत होती.

“गाडी पुरात होती ना?” त्याने विचारलं.

होती. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा ती अंगणातच होती. नंतर ऑइल बदललं, कार्बोरेटर धुतला, मोटर खोलून साफ केली. पण केबलच्या प्लास्टिकच्या आत, तारांच्या फटींतून वर चढलेलं गढूळ पाणी कोण बघणार? ते तीन पावसाळे आपलं काम शांतपणे करत राहिलं.

मग माझी शंका. अर्थ खराब, तर हॉर्न कसा वाजत होता? यावर त्याने जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. कोकणातली पाखाडी आठवा. दोन्ही बाजूंनी गडगा खचलाय, मधून एक माणूस कसाबसा जाईल एवढी वाट उरलीय. एकटादुकटा माणूस दिवसभर ये-जा करील, त्याला काही वाटणार नाही. शिमग्यात पालखी आली की मात्र अडलीच! हॉर्नला दोन-अडीच अँपिअर लागतात, तो एकटा माणूस. सेल्फची मोटर म्हणजे पालखी, ढोलताशासकट. समजा कुजलेल्या तारांचा अडथळा फक्त ०.२ ओहम आहे. अडीच अँपिअरला तिथे अर्धा व्होल्ट गळतो, हॉर्नला पत्ताही लागत नाही. पस्तीस अँपिअरला तिथेच ७ व्होल्ट गळतात, आणि मोटर उपाशी.

सेल्फची मोटर मुळात आहेच तशी. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारींना पहिल्यांदा विजेचा सेल्फ बसला, तो चार्ल्स केटरिंग यांचा. त्याआधी पुढे हॅण्डल घालून इंजिन फिरवावं लागे आणि उलटा झटका बसला तर मनगट मोडे. केटरिंग पूर्वी दुकानांतल्या गल्लायंत्रांच्या कंपनीत होते, तिथे त्यांनी गल्ला उघडायला छोटी विजेची मोटर बसवली होती. छोट्या मोटरीकडून क्षणभरच भरपूर काम करून घ्यायचं, ही युक्ती तिथली. म्हणून सेल्फ क्षणभरच प्रचंड प्रवाह ओढतो, आणि म्हणूनच वाटेतला एवढासा गंजसुद्धा त्याला चालत नाही. हॅण्डल मारण्याचा धोका टाळण्यासाठी निघालेली ही सोय आहे, हे वाचल्यावर मला सेल्फबद्दल जास्तच आपलेपणा वाटू लागलाय.

असो. नवी जाड केबल, दोन थिंबल, इंजिनवरची जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत, आवळल्यावर वरून व्हॅसलिनचं बोट. बटण दाबलं. गाडी लागली. परतीच्या वाटेवर मीटर आता ०.२ दाखवत होता. केबल-थिंबलचे एकशे वीस रुपये झाले. त्याने वर चारशे मागितले आणि स्वतःच म्हणाला, “सर, हे शोधायचे घेतो, लावायचे नाही.”

आता भांडणाचं बोलू.

दुसऱ्या मेस्त्रींचा स्क्रूड्रायव्हरचा प्रयोग चुकीचा नव्हता. (बॅटरीशेजारी आणि पेट्रोलच्या टाकीखाली ठिणग्या उडवणं शहाणपणाचं नाही, तुम्ही करू नका, पण ते सोडा.) चुकलं ते पुढचं पाऊल. रिले बाजूला सारूनही मोटर फिरली नाही, यावरून एवढंच सिद्ध होतं की दोष रिलेत किंवा बटणात नाही. तो मोटरमध्ये असेल किंवा परतीच्या वाटेत असेल. दोन शक्यता उरल्या होत्या, त्यांनी एकच पाहिली, आणि पाहिली ती साडेतीन हजारांची. मी हो म्हटलं असतं तर नवी कोरी मोटरही तशीच मुकाट बसली असती. मग काय सांगितलं असतं? वायरिंग किट बदलून टाका!

आणि पहिल्या बॅटरीने आठ दिवस गाडी चालली, ते तर सगळ्यांत फसवं. नव्या बॅटरीचा जोर जरा जास्त, तारा अजून थोड्या शिल्लक, म्हणून ढकललं गेलं. आजार तसाच, ताप तेवढा उतरला. भाग बदलला आणि चाललं, म्हणजे दोष त्या भागातच होता, हे अनुमान आपण रोज करतो आणि ते रोज खरं असतंच असं नाही.

यात मी स्वतःला वगळत नाही. इतिहासाच्या तासाला मी पिढ्यान्‌पिढ्या ‘कारणे द्या’ शिकवलं. १८५७ च्या उठावाची कारणे : राजकीय, आर्थिक, सामाजिक, लष्करी, तात्कालिक. मुलं पाठ करायची, मी गुण द्यायचो. काडतुसांचं प्रकरण हे तात्कालिक कारण, मूळ कारणं खोल, हे फळ्यावर शेकडो वेळा लिहिलं. पण ‘हे कारण आहे हे तुला कसं कळलं?’ असा उलट प्रश्न मी किती मुलांना विचारला? फारच थोड्यांना. आमच्या शाळेच्या विज्ञानाच्या तासालाही ओहमचा नियम गणित सोडवण्यापुरताच असायचा. मीटर कपाटात, कपाटाला कुलूप. मग बाहेर पडलेल्या मुलाने टक् ऐकून ‘बॅटरी’ म्हटलं तर दोष एकट्या त्याचा नाही. आम्ही त्याला उत्तरं दिली होती, तपासायचं कसं ते दिलं नव्हतं.

मेस्त्रींचीही बाजू आहे, ती न सांगणं अप्रामाणिकपणा होईल. दुसऱ्या मेस्त्रींशी मी नंतर जाऊन बोललो. ते चिडले नाहीत. म्हणाले, “काका, अर्धा तास मीटर लावून बसलो आणि शेवटी नुसता बोल्ट आवळला, तर गिऱ्हाईक म्हणतं, बोल्ट आवळायचे दोनशे? पार्ट टाकला तर हजार गुपचूप देतं.” मला उत्तर सुचलं नाही. कारण ‘काही बदललं नाही, मग पैसे कसले?’ हे वाक्य मी स्वतः रेडिओवाल्याला, घड्याळवाल्याला, पंपवाल्याला ऐकवलेलं आहे. वस्तूचे पैसे द्यायला आपला हात लगेच खिशात जातो, डोकं चालवल्याचे द्यायचे म्हटलं की लुबाडल्यासारखं वाटतं. मग बाजारात डोकं कशाला कोण ठेवील? जे खपतं तेच दुकानात मिळतं.

काही तरुण मंडळी म्हणतील, “आजोबा, हे जुन्या गाड्यांचं झालं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा आलं, कार्बोरेटर गेले, आता कॉम्प्युटर लावला की कोड सांगतो.” चांगलंच आहे. पण माझा विद्यार्थी अशा गाड्याही बघतो, आणि त्याचं म्हणणं, कोड जागा दाखवतो, कारण दाखवत नाही. सेन्सरचा कोड आला म्हणून सेन्सर बदलतात, आणि दोष निघतो त्याच्या सॉकेटमधल्या गंजलेल्या पिनेत. यंत्र नवं, सवय तीच.

आणि गाडीबरोबर मिळालेलं माहितीपुस्तक? मी ते जपून ठेवलंय. सेल्फ लागत नसेल तर फ्यूज पाहा, बॅटरी पाहा, नाहीतर अधिकृत विक्रेत्याकडे जा. संपलं. परतीच्या वाटेबद्दल एक अक्षर नाही. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, डिसेंबरात पोर्टलही सुरू केलं, त्यात वाहनंही धरली आहेत. स्वागतच आहे. पण मूळ माहिती ग्राहकाच्या भाषेत, मराठीत, चित्रांसह पुस्तकात छापलेली नसेल तर तो हक्क घेऊन मी काय करू? हक्क बजावायला आधी कळायला हवं.

आता मुख्य मुद्दा, आणि यावर माझ्या घरचेच नाराज होतील. ‘वय झालं’ हे निदान नव्हे. ना गाडीचं, ना माणसाचं.

दोन वर्षांपूर्वी मला डाव्या कानाने कमी ऐकू यायला लागलं. घरात लगेच ठरलं, वय झालं. सगळे माझ्याशी ओरडून बोलू लागले. पुढे पुढे बोलेनासेच झाले, त्यापेक्षा सौ.ला सांगणं सोपं. कानाच्या यंत्राच्या किमतीसुद्धा निघाल्या. शेवटी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी आत दिवा घालून पाहिलं आणि हसले. मळाचा घट्ट बोळा! पाच मिनिटांत काढला. चार महिने मी घरच्यांच्या लेखी बहिरा होतो. कुणी आत पाहिलंच नव्हतं.

तुम्ही म्हणाल, मग गुडघा का बदललात? बदलला, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. कारण तिथे आधी एक्स-रे झाला, तो डॉक्टरांनी मला उजेडात धरून दाखवला, कूर्चा कुठे उरलेली नाही ते बोट ठेवून सांगितलं, औषधं आणि व्यायाम वर्षभर करून पाहिले. त्यानंतर म्हणाले, बदलूया. बदलण्याला माझा विरोध नाहीच. उद्या मोटरचे कार्बन ब्रश झिजले तर ते बदलावेच लागतील (आणि तेव्हाही आधी ब्रश बदला, अख्खी मोटर नको). माझा विरोध आहे तो न पाहता बदलण्याला.

तेव्हा ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांना माझी विनंती. एक साधा मीटर घ्या, चार-पाचशेत मिळतो. सेल्फ टक् करू लागला की आधी बॅटरीची दोन्ही टोकं घासा, मग इंजिनवरचा अर्थचा बोल्ट खोलून पाहा. बटण दाबताना व्होल्ट कुठे गळतायत ते मोजा. जमत नसेल तर मेस्त्रीला स्पष्ट सांगा, “शोधायचे पैसे वेगळे देतो, पण मोजून दाखवा.” माझा अनुभव असा की हे वाक्य ऐकल्यावर माणूस गाडीकडे जरा वेगळ्या नजरेने बघतो. दुसऱ्या मेस्त्रींकडे मी नंतर हॉर्नच्या कामासाठी गेलो तेव्हा त्यांनी टेबलाच्या खणातून मीटर काढला. धूळ होती त्याच्यावर, पण काढला.

चिरंजीव, तू वाचत असशीलच. गाडी विकायची नाहीये. काल तुझ्या आईला मागे बसवून वाचनालयात जाऊन आलो, दोन्ही वेळा पहिल्या बटणाला लागली. येत्या सुट्टीत आलास की मीटर कसा लावायचा ते तुला दाखवीन. नातवालाही घेऊन ये.

तूर्तास एवढंच. पटलं नसेल तर भांडायला घरी या, चहा ठेवतो.